केळीच्या मातीत वाळू

४ मार्च

खारू,

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर तुरुंगाचा शिक्का, म्हणून पोस्टमनने ते दारात न टाकता माझ्या हातात दिलं आणि उगाचच घसा खाकरला. इतक्या वर्षांनी पत्र, आणि त्यात माझी चौकशी नाही की बाबांची नाही. चौकशी आहे ती केळीच्या रोपांची. आधी राग आला. मग संध्याकाळी पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं. दोनदा मी तिथवर आले आणि दोनदा तू भेटीला बाहेर आला नाहीस. आता केळी तुला बाहेर काढत असतील तर केळी तर केळी.

तू लिहितोस, धोबीखान्यामागची जमीन तुमच्या तुकडीकडे आहे. लावलेली रोपं पिवळी पडतात आणि मुळाशी कुजतात. यंदाही जमलं नाही तर तुकडी मोडून सगळ्यांना पुन्हा आत, यंत्रमागावर. आणि बराकीच्या बांधकामातली वाळू कोपऱ्यात पडून आहे, ती मातीत घालू का, आणि घालायची तर किती.

मला येतं तेवढं सांगते. तिथली माती हातात घे, थोडी ओली कर आणि मुठीत दाब. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटांचे ठसे उमटले, तर ती चिकण माती आहे. तिच्यात पाणी बसून राहतं. केळीला पाणी लागतं, पण पाण्यात उभं राहायला ती काही भात नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती तपकिरी होतात, मऊ पडतात, आणि वर पान पिवळं दिसेपर्यंत खाली सगळं आटोपलेलं असतं. वाळू घाल, पण मूठ-दोन मुठी टाकून हात झटकू नकोस. चिकण मातीत थोडीशी वाळू घातली तर ती जास्तच घट्ट होते, विटेसारखी. घालायची तर भरपूर घाल, आणि बरोबर कुजलेलं शेणखत. नुसत्या वाळूतून पाणी जातं तसं खतही वाहून जातं.

बाबांना विचार, असं तू लिहिलेलं नाहीस. मीही विचारलं नाही.

घरचं तू विचारत नाहीस तरी सांगते. बाबांचे गुडघे बोलायला लागलेत. रोपवाटिकेवरची हिरवी जाळी फाटली होती ती बदलली. कामाला एक बाई येते, पिशव्या भरायला, तिचा हात फार चलाख आहे. आपल्याकडे हल्ली मातीत वाळू घालत नाही, विटांचा चुरा आणि भाताचं तूस घालतो. चाललंय. माझ्या लग्नाचं जमत आलं होतं ते राहिलं. त्याला कारण तू नाहीस, तेव्हा तेही स्वतःच्या खात्यात लिहून घेऊ नकोस. मुलाच्या आईला माझ्या नखांतली माती दिसायची.

ताई


२२ मार्च

खारू,

बाबांना कळलं. पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. ज्या माणसाने जन्मात कधी पिठाच्या डब्याला हात लावला नाही, त्याला नेमकी त्या दिवशी उंदराची लेंडी दिसली आणि त्याने सगळी फळी उतरवली.

मी पिशव्यांना पाणी देऊन आत आले तर ते पत्र हातभर लांब धरून वाचत होते. चष्मा कपाळावर. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी घडी घातली, जिथे होतं तिथे ठेवलं, डबा वर ठेवला आणि बाहेर गेले. जेवताना म्हणाले, "ती वाळू कुठली आहे?"

"कुठली वाळू?" मी म्हटलं.

"त्या पत्रातली. बांधकामाची आहे म्हणजे गिलाव्याची असणार. गिलाव्याची वाळू मैद्यासारखी असते. ती मातीच्या भेगाच बुजवते. तुला एवढं कळत नाही का?"

"मला काय माहीत ती कसली आहे?"

"मग विचारायचं. न विचारता उत्तर पाठवलंस?"

म्हणजे माझं उत्तर गेलं हेही त्यांनी ताडलं होतं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "लिही." कोणाला लिहायचं ते म्हणाले नाहीत. पुढे सगळा वेळ 'तिथल्यांना सांग' असंच चाललं होतं, जणू तिथे चार गावांचे शेतकरी सल्ला मागायला बसले आहेत. तर तिथल्यांना त्यांचा निरोप असा.

वाळू तळहातावर घेऊन चोळायची. रव्यासारखी टोचली पाहिजे. पिठासारखी लागली तर ती नको, त्यापेक्षा बारीक खडी बरी. एका बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवायचं. पाणी गढूळ राहिलं तर वाळूत गाळ आहे, ती धुवायची. पाणी निवळेपर्यंत धुवायची, कंटाळा करायचा नाही. कणभर जिभेवर ठेवून बघायची. खारट लागली तर हातही लावायचा नाही, रोपं पानांच्या कडांपासून करपतील.

आणि एक गोष्ट त्यांनी मला दोनदा लिहायला लावली. चिकण जमिनीत नुसता खड्डा काढून त्यात वाळूची माती भरायची नाही. चारी बाजूंनी माती पाणी धरते आणि मधे पोकळ भुसभुशीत खड्डा, म्हणजे आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन साठणार. रोपासाठी आपण आपल्या हातांनी हौद बांधला असं होतं. जमिनीच्या वर उंच वाफा करायचा. जागची माती, रवाळ वाळू, कुजलेलं शेणखत सारखं सारखं घेऊन नीट उलटं-पालटं करायचं आणि रोप त्या उंचवट्यावर लावायचं.

"आणि वाळू जास्तही नको," ते म्हणाले. "सगळीच वाळू केली तर पहिल्या वाऱ्याला झाड आडवं होईल. त्याला धरायला काहीतरी लागतं."

मग उठले आणि म्हणाले, "टाक पोस्टात."

ताई


१७ एप्रिल

खारू,

तुझं पत्र मिळालं. तू वाळू धुऊन घेतलीस, वाफे उंच केलेस, तुकडीतल्या एका लोहाराने चाळणी बनवून दिली, सगळं बाबांना वाचून दाखवलं. होय, मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. लोहाराच्या चाळणीपाशी ते म्हणाले, "भोकं मोठी ठेवलीत का विचार." तेव्हा सांग.

तू विचारतोस, बाबांना स्वतःला एवढं कळतं तर आपल्याकडे वाळू का घालत नाही. हा प्रश्न तू विचारू नयेस असं मला वाटत होतं. पण विचारलास, तर सांगते.

तुला नेलं त्या आठवड्यात बाबांनी अंगणातला वाळूचा ढीग काढला. तो ढीग तू आणलेला नव्हता. तुझ्या गाडीत त्या पहाटे जी वाळू होती ती आपल्यासाठी नव्हती, ती कुठल्यातरी बांधकामावर चालली होती, कोर्टात सगळ्यांनी ऐकलं. नदीतून चोरून उपसलेली वाळू, नाक्यावर दिसू नये म्हणून बंद ठेवलेले दिवे, आणि वळणावर पाववाल्याची सायकल. बाबांना हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी ते एक घमेलं घेऊन सकाळपासून आपला तो जुना ढीग उचलत राहिले आणि गल्लीच्या टोकाला खड्ड्यांत टाकत राहिले. मी म्हटलं, बाबा, ह्या वाळूने काय केलंय? ते म्हणाले, "काही नाही." आणि घमेलं भरलं. शेजारचे दारात उभे राहून बघत होते, मदतीला कोणी आलं नाही, आणि तेच बरं झालं. ज्या पाववाल्याचा पाव सगळी गल्ली रोज सकाळी खात होती, त्याच्याविषयी कोणी कोणाशी काय बोलायचं?

तेव्हापासून ह्या घरात वाळू नाही. विटांचा चुरा चालतो, पण तो कधी कसा मिळतो, कधी कसा. तूस वर्षभरात कुजून जातं आणि पिशवीतली माती खाली बसते. ओल्या दिवसांत दरवर्षी रोपं जातात. बाबा ती उचलून मागे टाकतात आणि म्हणतात, यंदा हवाच वाईट.

माझ्यावर रागावू नकोस. विचारलंस म्हणून सांगितलं.

ताई


९ जून

खारू,

मधे लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. गेल्या आठवड्यात मळेवाल्याने आपली रोपं परत पाठवली. अख्खी गाडी. तो आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, बाबांच्या शब्दावर रोपं न बघता नेणारा. ह्या खेपेला स्वतः आला नाही, माणसाबरोबर निरोप दिला की मुळं ठीक नाहीत, काकांनी वाईट वाटून घेऊ नये. बाबा गाडीमागे उभे राहून एकेक पिशवी उतरवून घेत होते आणि त्या माणसाला सांगत होते, जपून ठेव, पान मोडेल.

आता एक गोष्ट तुला सांगायला हवी. मी लिहिलं होतं ना, पिशव्या भरायला एक बाई येते. ती पाववाल्याची बायको आहे.

थोडं थांब आणि मग पुढे वाच.

ती आली त्याला बराच काळ झाला. एका सकाळी फाटकाशी उभी होती. बाबा तिला बघून तसेच मागच्या मागे घरात गेले. मी फाटकाशी गेले. ती म्हणाली, "काम आहे का?" मी फाटक उघडलं. ती म्हणाली, "दया म्हणून देऊ नका. मला पिशव्या भरता येतात, माझ्या माहेरी रोपांचंच काम होतं." मी विचारलं, इथेच का, वहिनी? ती म्हणाली, "बाकी कुठे गेलं की पहिल्या दिवशी सगळं सांगावं लागतं. कसं झालं, कुठे झालं, मग तुम्ही काय केलंत. इथे कोणी विचारणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

तेव्हापासून येते. बाबा तिच्याशी कामापुरतं बोलतात, तेही जमिनीकडे बघत. तुझं नाव तिच्यासमोर निघत नाही. मी तुला कळवलं नाही, कारण तू आत बसून त्याचं काय करणार होतास?

तर परत आलेली रोपं अंगणात मांडून ठेवली होती. बाबा नेहमीच्या स्टुलावर बसले होते. वहिनीने एक पिशवी उचलली, पालथी केली आणि मातीचा गोळा हातावर घेतला. आंबूस वास आला. तिने बोटाने माती बाजूला केली आणि मुळं बाबांच्या समोर धरली. तपकिरी, साल निघून दोऱ्यासारखी उरलेली.

"काका, ह्याला वाळू पाहिजे," ती म्हणाली.

बाबांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मी आले त्या दिवसापासून बघते आहे. तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्ही ताईंना सगळं लिहायला सांगता ते मी ऐकते, मी काही बहिरी नाही. दुसऱ्याच्या झाडांना वाळू सांगायची आणि आपली कुजू द्यायची?"

"आपल्याकडे वाळू येत नाही," बाबा म्हणाले.

"माझ्यामुळे?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली.

ती खाली बसली, त्यांच्या समोर, मातीतच. आवाज चढवला नाही. "माझा नवरा वाळूने मेला नाही काका. गाडीने मेला. तुमच्या मुलाने दिवे लावले नव्हते म्हणून मेला. त्यात वाळूचा काय संबंध? तुम्ही वाळू बंद केली तर मला काय वाटतं सांगू? रोज इथे येऊन मी बघते की वाळू नाही, आणि रोज मला तेच आठवतं. ढीग असता तर कदाचित विसरले असते घटकाभर."

बाबांचा चेहरा मी बघू शकले नाही. मी पाण्याचा नळ बंद करायला गेले, जो बंदच होता.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः जाऊन वाळू ठरवून आले. पावती घेऊन, रीतसर, वरच्या खाणीवरची. गाडी आली तेव्हा ते लांब उभे होते. वहिनीने पदर खोचला, मूठभर वाळू तळहातावर चोळली आणि म्हणाली, "जाड आहे, चांगली आहे." मग बाबा पुढे आले. त्यांनी फावडं घेतलं. माती, वाळू, खत. तिघांनी मिळून ढीग उलटा-पालटा केला. मी मागितलं तरी फावडं बाबांनी मला घेऊ दिलं नाही.

संध्याकाळी हात धुताना मला म्हणाले, "त्याची रोपं कशी आहेत?"

तिथल्यांची नाही. त्याची.

ताई


३ ऑगस्ट

खारू,

नवा पोंगा आला, सरळ उभा आला आणि पान उलगडलं, हे वाचलं. तुकडी मोडणार नाही हेही. साहेबांनी पाठ थोपटली ते तू एका ओळीत उरकलंस, बाबांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली.

आपल्याकडची नवी रोपंही धरली आहेत. मळेवाल्याने माणूस पाठवून बघून घेतलं, तो माणूस पुढच्या लागवडीचं विचारून गेला.

वहिनीविषयी तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तिला काय सांगू, माफी कशी मागू, पत्र लिहू का. नको लिहूस. मी तिला विचारलं, तुमच्याकडून त्याला काही निरोप आहे का? ती म्हणाली, "नाही." मी विचारलं, त्याने काही लिहिलं तर वाचाल का? ती म्हणाली, "नाही ताई." रागाने म्हणाली नाही. पिशवी भरत होती ती भरून झाली, दुसरी घेतली. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तिच्यावर ओझं टाकायचं नाही, असं मला वाटतं. तुला पटत नसेल तर माझ्यावर राग काढ.

आता मुद्द्याचं. बाबा भेटीला येणार आहेत. अर्ज दिला, मंजूर झाला, तारीख १९. बस लांबची आहे, त्यांचे गुडघे असे, पण मी सुचवलं नव्हतं, त्यांनीच काढलं. खारू, ह्या खेपेला बाहेर ये. मला दोनदा परत पाठवलंस ते मी गिळलं. त्यांना पाठवलंस तर मी पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही. धमकी समज हवी तर.

ताई


२१ ऑगस्ट

खारू,

तू आलास. बरं झालं.

जाळीच्या तुझ्या बाजूने तुला जे दिसलं ते तुझ्यापाशी आहे. आमच्या बाजूचं मी सांगते.

बाबांनी सकाळी दोनदा दाढी केली. फाटकावर झडती झाली तेव्हा त्यांच्या खिशात रुमालाची पुरचुंडी निघाली. आत मिश्रण होतं, माती, वाळू आणि खताचं, तुझ्या हाताला कळावं म्हणून आणलेलं. पहारेकरी म्हणाला, आत नेता येणार नाही. बाबांनी त्याला समजावायला सुरुवात केली, वाळू जाड का लागते, चिकण मातीचं काय होतं. मला वाटलं हाकलून देईल. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "आमच्या परसात एक झाड आहे आजोबा, घडच धरत नाही." मागे रांग खोळंबली. पुरचुंडी त्याच्याकडेच राहिली.

आत तुम्ही दोघं वाळूवरच बोललात, हे मी ऐकलं. मला हसावं की रडावं कळेना. तुझे केस पांढरे झालेत हे बाबांनी पाहिलं, पण बोलले चाळणीच्या भोकांविषयी. शेवटी घंटा झाली, सगळेच ओरडायला लागले, आणि बाबा जाळीला तोंड लावून काहीतरी म्हणाले. तू कानाला हात लावून 'काय?' म्हणालास आणि तुला नेलं. ते तुला ऐकू आलं नसणार. ते म्हणाले, "पाणी बेतानं घाल."

बसमध्ये त्यांनी तिकिटांची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मी पाणी म्हणालो."

"हो," मी म्हटलं.

"मला विचारायचं होतं, झोप लागते का. घरून ठरवून निघालो होतो. आणि तोंडातून पाणी निघालं."

तर ते मी विचारते. झोप लागते का तुला? कळव. मला नाही, त्यांना कळव. त्यांच्या नावाने पाकीट येऊ दे.

घरी पोचलो तेव्हा वहिनी अजून होती. ऊन उतरलं होतं, ती पिशव्यांच्या रांगा जाळीखाली सरकवत होती. आम्ही कुठे गेलो होतो ते तिला माहीत होतं. बाबा स्टुलावर बसले, चपला काढल्या. ती काम करता करता म्हणाली, "कसा आहे?"

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडे वर बघून उत्तर दिलं. "वाळलाय. केस पिकलेत."

ती पुढच्या रांगेकडे गेली. मग थांबली. "सुटल्यावर इथेच येणार ना तो?"

"तो इथे नको असेल तर..." बाबा म्हणाले.

"त्याचं घर आहे. तो कुठे जाणार?" ती म्हणाली. "तो येईल त्या दिवशी मला आधी सांगा. मी त्या दिवशी कामाला येणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

तिने एक पिशवी उचलली, खालून दाबून पाहिली, रांगेत ठेवली.

"त्या दिवशी फक्त," ती म्हणाली.

हे तुला जसं झालं तसं कळवते आहे. तिने म्हटलं त्याहून जास्त ह्यातून काही काढू नकोस, आणि कमीही काढू नकोस.

ताई